वडिलांची वही आणि ग्वाल्हेरचे गाणे

गेल्या मार्गशीर्षात आम्ही ग्वाल्हेरास जाऊन आलो. इंदूरहून ग्वाल्हेर म्हणजे काही काशीयात्रा नव्हे. रात्री गाडीत बसावे, गुणा-शिवपुरीकडील थंडी खिडकीच्या फटीतून अंगावर घ्यावी आणि सकाळी उतरावे, इतकाच तो प्रवास. शाळेच्या सहलीबरोबर आम्ही यापूर्वीही दोनदा तेथे गेलो होतो. परंतु मुख्याध्यापकाची सहल म्हणजे मुले मोजण्याचा उद्योग. मानमंदिरात किती चढली, सासबहूच्या देवळातून किती उतरली आणि परतताना बसमध्ये किती भरली, एवढाच हिशेब त्या दोन्ही खेपांतून आमच्या पदरी पडला. ग्वाल्हेर पाहिले होते. ऐकले मात्र नव्हते. ते ऐकावयास जावे असे वाटण्यास एक जुनी वही कारण झाली. म्हणून आधी त्या वहीविषयी सांगणे प्राप्त आहे.

आमचे आजोबा लश्करचे. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेस आपल्या फौजेचा तळ दिला आणि त्या तळाचेच पुढे शहर झाले, ते हे लश्कर. तेथे मराठी कारकून आले, पुराणिक आले, वैद्य आले, आणि त्यांच्या मागोमाग आमचे पूर्वजही कोणाच्या तरी दप्तराच्या आधाराने आले. वडील मॅट्रिकपर्यंत तेथेच होते. पुढे नोकरीनिमित्त इंदुरास आले व येथलेच झाले. त्यांना गाता येत नसे. घरात तंबोरा नव्हता, पेटीही नव्हती. होता तो एक मोठा रेडिओ. शनिवारी रात्री आकाशवाणीवरून संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम लागला की वडील त्या रेडिओसमोर पाटावर बसत. त्या वेळी मोठ्याने बोलण्याची घरात कोणाची प्राज्ञा नव्हती. आम्हां भावंडांना तो वेळ फार लांब वाटे.

वडिलांना जाऊन आता तीन वर्षे झाली. त्यांची ट्रंक उघडली तेव्हा तळाशी रोजमेळाच्या आकाराची, तांबड्या कापडी पुठ्ठ्याची एक वही निघाली. जमाखर्च असेल म्हणून चाळू लागलो, तर आत रकाने पाडलेले: तारीख, गाणाऱ्याचे नाव, राग, ताल, आणि शेवटी 'शेरा'. १९६१ पासून पुढे अठ्ठेचाळीस वर्षे वडिलांनी जे जे गाणे मन लावून ऐकले त्याची ती नोंद होती. शेरे आमच्यासारख्या मास्तरासही लाजविणारे, तोकडे आणि नेमके. 'अंतरा घाईने उरकला.' 'कामोद उत्तम. छायानटाचा स्पर्श नाही.' 'टप्पा. समजला नाही. पुन्हा ऐकणे.' दोन वर्षांनी त्याच गायकापुढे पुन्हा 'टप्पा', आणि शेरा: 'थोडा समजला.'

वाचकहो, आमची स्वतःची समजूत अशी होती की आपणांस गाण्यातले कळते. इंदुरात राहून अमीरखाँसाहेबांचा झुमऱ्यातला संथ विस्तार आणि देवासच्या टेकडीखाली राहिलेल्या कुमार गंधर्वांची गाणी ज्याच्या कानांवरून गेली, त्यास असे वाटणे स्वाभाविकच. परंतु त्या वहीतील निम्म्याहून अधिक नावे आम्हांस अनोळखी होती. शरच्चंद्र आरोलकर, राजाभैया पूछवाले, बाळासाहेब पूछवाले, काशिनाथ बोडस. ही मोठ्या जाहिरातीची नावे नव्हेत. यांच्यापुढे मात्र वडिलांनी पुनःपुन्हा एक बारीक फूल काढून ठेवले होते.

आणि १९८८ च्या डिसेंबरातील एक नोंद अशी होती की ती वाचून आम्ही वही मिटून ठेवली. तीत रागाचे नाव नव्हते. शेऱ्याच्या रकान्यात लिहिले होते: 'लश्करास जाऊन कृष्णराव पंडितांचे दर्शन घ्यावे असा बेत. गाणे न झाले तरी चालेल. चिरंजीवास विचारले. परीक्षा आहे म्हणतो. एकटा जात नाही.'

तो प्रसंग आम्हांस आठवतो. परीक्षा होती हे खरे, पण तीस चांगले तीन महिने अवकाश होता. आम्हांस मित्रांबरोबर क्रिकेटचा सामना पाहावयाचा होता आणि 'म्हाताऱ्यांचे गाणे' ऐकण्यासाठी थंडीत प्रवास करणे जिवावर आले होते. वडिलांनी आग्रह केला नाही. पुढे २२ ऑगस्ट १९८९ रोजी पंडितजी निवर्तले, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षानंतर. वहीत त्या सुमारास एका पानावर 'पंडितजी गेले' एवढे दोनच शब्द आहेत. बाकीचे पान कोरे सोडलेले आहे. काटकसरीने दोन्ही बाजूंनी लिहिणाऱ्या आमच्या वडिलांनी संपूर्ण वहीत कोरे सोडलेले पान तेवढे एकच.

म्हणून यंदा हिवाळी सुटीची वाट न पाहता आम्ही रजा टाकली, वही शबनम पिशवीत घातली आणि निघालो.

पहिल्या सकाळी आम्ही थेट हजिऱ्यास गेलो. तेथे एका विस्तीर्ण आवारात सूफी संत मुहम्मद घौस यांचा भव्य मकबरा आहे. चारी बाजूंस दगडी जाळ्या, आणि त्या जाळ्यांतून आत झिरपणारा उजेड असा, की उन्हाने जमिनीवर चौकडीचे वस्त्र विणावे. त्याच्या शेजारी, पाहणाऱ्याच्या चटकन ध्यानातही येऊ नये असा, एक लहानसा खांबांचा मोकळा चौथरा आहे. ती तानसेनाची कबर. अकबराच्या दरबारातील नवरत्नांत गणला गेलेला हा गायक आपल्या गुरुस्थानाच्या सावलीस इतक्या साधेपणाने निजला आहे. जवळच चिंचेचे झाड आहे. त्याचा पाला चघळला की गळा गोड होतो अशी समजूत असल्यामुळे मूळचे झाड गाणाऱ्यांनी ओरबाडून संपविले, आजचे झाड मागाहूनचे, असे तेथे सांगतात. आम्हीही एक पान तोंडात टाकले. ते आंबट होते. गळ्याचे काही झाले नाही. कानांचे व्हावे अशी आमची प्रार्थना होती.

याच आवारात दर डिसेंबरास तानसेन समारोह भरतो. १९२४ पासून चालत आलेल्या या उत्सवाचा शंभरावा सोहळा २०२४ साली झाला. मोठमोठ्या कलावंतांच्या रात्रीच्या बैठकी वर्तमानपत्रांत गाजतात. परंतु त्याचा आरंभ पाहण्यास सकाळी लवकर जावे, असे आमचे सांगणे आहे. प्रथम सनई वाजते. मग लश्करच्या ढोलीबुवांच्या मठपरंपरेतील हरिदास उभे राहतात आणि नारदीय पद्धतीची हरिकथा होते. ती संपली की मौलवीसाहेब मिलाद वाचतात आणि कबरीवर चादर चढते. मराठी मठाचा बुवा आणि मुसलमान मौलवी एका गवयाच्या पुण्यतिथीस एकापाठोपाठ एक आपापली सेवा रुजू करतात, आणि त्याचे तेथे कोणास नवल वाटत नाही. चिपळ्यांचा नाद ऐकताना आम्हांस आजोळच्या देवघराची आठवण झाली. आमच्या शेजारी कांबळे पांघरून बसलेले एक दाढीवाले वृद्ध मुसलमान गृहस्थ त्या कथेत योग्य जागी मान डोलावीत होते. पुढे मिलाद सुरू झाला तेव्हा मान डोलाविण्याची पाळी हरिदासबुवांची होती.

तेथून आम्ही लश्करात आलो. बाड्यावरून आत वळले की मराठी पाट्या अजून अधूनमधून दिसतात. वाडे मात्र पडत चालले आहेत. ज्या वाड्यात वडील जन्मले त्या जागी आता तीन मजली दुकान उभे आहे. आम्ही समोरच्या फुटपाथवर थोडा वेळ उभे राहिलो आणि पुढे निघालो. पाहावयाचे होते ते घर निराळे होते.

ग्वाल्हेरच्या ख्यालाचा इतिहास बव्हंशी अशा घरांतूनच घडला आहे. राजा मानसिंह तोमर (कारकीर्द १४८६ ते १५१६) याच्या आश्रयाने येथे ध्रुपद वाढले, हे शालेय पुस्तकांतही असते. परंतु आज जिला आपण ग्वाल्हेर घराणे म्हणतो ती ख्यालगायकी एकोणिसाव्या शतकातली. शिंद्यांच्या दरबारी नत्थन पीरबक्ष यांचे नातू हस्सूखाँ आणि हद्दूखाँ यांनी तिला रूप दिले. बडे महंमदखाँ नामक गवयाच्या ताना या दोघा भावांनी पडद्याआड बसून ऐकल्या व आत्मसात केल्या, ही आख्यायिका बहुतेकांनी ऐकलेली असते. तिच्यातील सत्यासत्य इतिहासकारांनी पाहावे. आम्हांस तिच्यात रस आहे तो एवढ्याचसाठी, की या घराण्याच्या आरंभकथेतच गाण्याआधी ऐकणे आलेले आहे.

हस्सूखाँचे शिष्य वासुदेवबुवा जोशी. त्यांच्याकडे शिकण्यासाठी दक्षिणेतून एक ब्राह्मण तरुण हालअपेष्टा सोशीत ग्वाल्हेरास येऊन राहिला. तेच पुढे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९ ते १९२६). त्यांनी ही विद्या महाराष्ट्रात नेली. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढून ती सर्वसामान्यांच्या घरात पोहोचविली. कोकणातून आलेले रामकृष्णबुवा वझे येथेच निसार हुसेनखाँसाहेबांपाशी बसले आणि ती चीजांची पोतडी घेऊन परतले. म्हणजे आज पुण्यामुंबईस, मिरजेस, बेळगावास जे गाणे आपण 'आपले' म्हणून ऐकतो त्याचा एक मोठा झरा आपणां बाहेरच्या मराठी मंडळींच्या या गावातून निघालेला आहे. आम्हांस हे एम.ए. होईपर्यंत कोणी सांगितले नव्हते, आणि वडील सांगत होते तेव्हा आम्ही ऐकले नाही.

कृष्णराव पंडितांचे घराणेही असेच. वडील शंकरराव पंडित यांनी हद्दूखाँ व निसार हुसेनखाँ यांची तालीम घेतली. निसार हुसेनखाँसाहेब तर पुढे या पंडितांच्याच घरी राहावयास होते. एका कर्मठ ब्राह्मणाच्या घरी मुसलमान उस्ताद घरचा वडीलधारा म्हणून राहतो आणि त्या घरातील मुले त्याच्यापाशी गाणे शिकतात, ही गोष्ट त्या काळी किती मोठी होती याची कल्पना आज करवत नाही. कृष्णरावांनी १९१४ साली वडिलांच्या नावे संगीताची शाळा काढली. १९१८ साली माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने आणि पंडित भातखंड्यांच्या मार्गदर्शनाने माधव संगीत विद्यालय निघाले. राजाभैया पूछवाल्यांसारखे जाणते गवई भातखंड्यांकडे स्वरलेखन शिकून येऊन तेथे मास्तर झाले. आपल्या भरभराटीच्या वयात पुन्हा विद्यार्थ्याच्या बाकावर बसणाऱ्या त्या मंडळींविषयी आम्हां शिक्षकांच्या मनात विशेष आदर असावयास हवा. त्यांच्या गाण्याचा बोलबाला मात्र सर्वदूर झाला नाही, कारण आयुष्य शिकविण्यात गेले. मास्तरांच्या नशिबी हे असतेच.

दुपारी एका परिचितांनी आम्हांस जीवाजीगंजाच्या बाजूस एका जुन्या घरी नेले. तेथले यजमान ऐंशीच्या घरातले. उभ्या आयुष्यात संगीताचे मास्तर. सगळे गाव त्यांना 'नाना' म्हणते, म्हणून आम्हीही नानाच म्हणतो. नावाची प्रसिद्धी त्यांस नको आहे. त्यांची मराठी खास लश्करी, हिंदीचा तडका दिलेली.

"या, या. इंदूरहून आले का तुम्ही? बसा आरामात. चाय घेणार ना?"

आम्ही काही न बोलता वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावला आणि वाचू लागले. अर्धा तास ते वाचत होते. चहा येऊन निवून गेला. मधूनच ते हसत, मधूनच एखाद्या शेऱ्यावर बोट ठेवून "सही आहे" म्हणत. १९८८ च्या त्या पानावर ते थांबले. आम्ही मान खाली घातली.

"तुम्हीच का हे चिरंजीव?"

"होय नाना."

ते काही बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "मीपण त्या साली गेलो नव्हतो त्यांच्याकडे. गावातल्या गावात होतो. उद्या जाऊ, परवा जाऊ करत राहिलो. चला, तंबोरा काढा तो कोपऱ्यातला."

त्यानंतर दोन तास जे झाले त्यास बैठक म्हणता येणार नाही. नानांचा आवाज आता थकलेला आहे. वरचा षड्ज लागत नाही. परंतु त्यांनी गाणे ऐकावे कसे हे आम्हांस दाखविले, आणि ते आम्ही वाचकांच्या हाती देऊ इच्छितो. कारण अप्रसिद्ध गाणे शोधणे आज कठीण राहिलेले नाही. जुनी ध्वनिमुद्रणे घरबसल्या मिळतात. अडचण आहे ती त्यांच्याशी ओळख करून घेण्याची.

पहिली गोष्ट त्यांनी सांगितली ती बंदिशीची. ग्वाल्हेरचा गवई प्रथम चीज पुरी मांडतो, स्थायी आणि अंतरा दोन्ही, नीट, ठाशीव. मगच विस्तार. म्हणजे घर दाखविताना यजमानाने आधी सगळा नकाशा समोर ठेवावा तसे. लयही फार संथ नसते. सोळा मात्रांचा तिलवाडा किंवा चौदा मात्रांचा झुमरा असतो, पण तो चालता. आमचे कान अतिविलंबित लयीस सरावलेले. त्यामुळे हे गाणे आम्हांस पूर्वी 'घाईचे' वाटे. नाना म्हणाले, "घाई नाही ही. हा चालणारा माणूस आहे. तुम्ही बसून राहता आणि म्हणता हा पळतोय."

दुसरी गोष्ट रागांची. या घराण्याला अनवट रागांचा सोस नाही. यमन, भूप, अल्हैया बिलावल, हमीर, केदार, कामोद, छायानट, गौडसारंग असे नित्याचे राग. वैचित्र्य आहे ते रागाच्या नावात नसून त्याच्या आठही अंगांनी गाण्यात. आलाप, बोलआलाप, तान, बोलतान, मींड, गमक, लयकारी अशी अंगे एकाच चीजेत येतात, म्हणून तिला अष्टांगप्रधान गायकी म्हणतात. एकाच अंगावर रात्र काढणारा गवई टाळ्या लवकर मिळवितो. आठांचा तोल सांभाळणारा मागे राहतो. आरोलकरांसारखे गायक प्रसिद्धीच्या झोतात का आले नाहीत, याचे एक उत्तर आम्हांस येथे मिळाले. कराचीत १९१२ साली जन्मलेले आरोलकर कृष्णराव पंडितांपाशी शिकले, पुढे मुंबईस राहिले आणि १९९४ साली गेले. त्यांच्या गाण्यात स्वर एखाद्या विचारासारखा येतो. पुढील स्वर कोणता हे ठरलेले वाटत नाही, आणि आला की दुसरा असूच शकला नसता असे वाटते. वडिलांच्या वहीत त्यांच्यापुढे शेरा आहे: 'आवाज लहान. गाणे मोठे.' आवाजाच्या भरदारपणावर गाणे पारखणाऱ्यांनी हे चार शब्द ध्यानात ठेवावेत.

तिसरी गोष्ट आडवाटेच्या गानप्रकारांची. येथेच आमची खरी फसगत झाली होती. ख्याल आणि ठुमरी एवढेच शास्त्रीय गाणे असे आम्ही धरून चाललो होतो. ग्वाल्हेरने मात्र जुन्या घरातील आजीबाईप्रमाणे कोनाड्या-कोनाड्यांतून वस्तू जपून ठेवल्या. जयदेवाच्या बाराव्या शतकातील गीतगोविंदातील अष्टपद्या येथे रागतालात बांधून ख्यालासारख्या गातात. चतुरंगात शब्द, सरगम, तराणा आणि मृदंगाचे बोल असे चार रंग एकाच चीजेत गुंफलेले असतात. तराणा तर कृष्णराव पंडितांचा विशेष. नानांनी दबक्या आवाजात जयदेवाची एक अष्टपदी धरली आणि आम्ही महाविद्यालयात टीका पाठ करून ज्या काव्याचे गुण मिळविले होते ते काव्य प्रथमच आमच्या कानांवर पडले.

आणि मग टप्पा. पंजाबातील उंटवाल्यांच्या गाण्यातून निघालेला आणि अठराव्या शतकात लखनौच्या गुलाम नबी ऊर्फ शोरी मियाँ यांनी नटविलेला हा प्रकार. शब्द पंजाबी, आणि तेही थोडे. त्या शब्दांवरून तान अशी अचानक निसटते की जिन्यावरून गोट्या सुटाव्यात. ख्यालात स्वर विसावतात. टप्प्यात विसावाच नाही, आणि तरीही प्रत्येक दाणा वेगळा ऐकू आला पाहिजे. 'समजला नाही' हा वडिलांचा शेरा आम्हांस आता पटला. नाना म्हणाले, "टप्पा एकदा ऐकून कोणाला समजत नाही. दहादा ऐका. अकराव्यांदा तुम्हाला जागा दिसेल."

टप्पा ऐकावयाचा तर आमच्याच बाहेरच्या मराठी मंडळींपैकी एका थोर बाईंचा ऐकावा. मालिनी राजुरकर १९४१ मध्ये जन्मल्या, अजमेरास वाढल्या, गोविंदराव राजुरकर व वसंतराव राजुरकर यांच्याकडे शिकल्या आणि जन्मभर हैदराबादेस राहिल्या. आरंभी त्या गणिताच्या शिक्षिका होत्या. त्यांचा टप्पा ऐकताना ते खरे वाटते, इतका त्यातील हिशेब चोख. आणि हिशेब कोठे दिसत नाही. २०२३ च्या सप्टेंबरात हैदराबादेसच त्या निवर्तल्या. मान मिळाला, पण त्या मानामागे त्या धावल्या नाहीत. कानपूरचे काशिनाथ बोडस (१९३५ ते १९९५) आणि त्यांच्या भगिनी वीणा सहस्रबुद्धे (१९४८ ते २०१६) हेही असेच. पलुस्करांचे शिष्य शंकरराव बोडस कानपुरास जाऊन राहिले, त्यांची ही अपत्ये. अजमेर, हैदराबाद, कानपूर, ग्वाल्हेर. मराठी गाण्याचा नकाशा काढावयाचा तर तो मराठी राज्याच्या नकाशात मावत नाही.

एक गोष्ट नानांनी उठता उठता सांगितली. हद्दूखाँचे पुत्र रहिमतखाँ मोठे विलक्षण गवई, पण मनाने हरवलेले. हद्दूखाँचे शिष्य असलेले सर्कसवाले विष्णुपंत छत्रे यांनी गुरुपुत्र म्हणून त्यांस आपल्यापाशी ठेवून घेतले, सर्कशीबरोबर गावोगाव सांभाळीत नेले. अखेर १९२२ साली रहिमतखाँ कुरुंदवाडास वारले. उतारवयातील त्यांच्या काही ध्वनिमुद्रिका आज उपलब्ध आहेत. खरखर पुष्कळ आहे. "खरखरीकडे कान देऊ नका," नाना म्हणाले, "पावसात दारात उभा असलेला माणूस आहे तो. आत बोलवा त्याला."

दुसऱ्या दिवशी आम्ही बेहटास गेलो. ग्वाल्हेरपासून सुमारे ४५ किलोमीटरवरचे हे गाव तानसेनाचे जन्मग्राम समजले जाते. नदीकाठी एक जुने शिवालय आहे, एका अंगास कललेले. तानसेनाच्या ध्रुपदाने ते कलले, असे गावकरी सांगतात. पायथ्याची जमीन खचली असेल असे आमच्यातील मास्तरास वाटले. परंतु ते बोलून दाखविण्याचे धाडस झाले नाही. समारोहाची एक सभा येथेही होते. सकाळच्या कोवळ्या उन्हात शेतकरी गोधड्या-शाली गुंडाळून बसले होते, मुले झाडांवर चढली होती, आणि कोवळ्या वयाची विद्यार्थिमंडळी ध्रुपद गात होती. कोणी जांभई दिली, कोणी बिडी शिलगावली, पण कोणी उठून गेले नाही. आमच्या पुढे बसलेल्या एका आजोबांनी आठ-नऊ वर्षांच्या नातवास मांडीवर घेतले होते. मूल थोड्याच वेळात झोपले. आजोबांनी त्यास जागे केले नाही. त्याच्या पाठीवर बोटांनी चौताल मोजीत राहिले. आमच्या वडिलांच्या मांडीवर आम्हीही असेच झोपलो असू काय, हे आता विचारावयास कोणी उरलेले नाही.

परतीच्या रात्री गाडीत आम्ही वही उघडली. वडिलांनी सोडलेले कोरे पान तसेच ठेवले. वहीच्या शेवटी काही पाने शिल्लक होती. तेथे आमच्या हातची पहिली नोंद केली. तारीख. नाना (नाव देण्यास मनाई). जयदेवाची अष्टपदी. शेरा: 'वरचा षड्ज लागत नाही. बाकी सर्व लागले.' त्याखाली आणखी एक: 'टप्पा. समजला नाही. पुन्हा ऐकणे.'

इंदुरास आल्यावर पुण्यास नोकरी करणाऱ्या आमच्या कन्येस दूरध्वनी केला. सगळी हकिकत सांगितली, आणि विचारले, "पुढच्या वर्षी येतेस का आमच्याबरोबर ग्वाल्हेरला? नाना तोवर आहेत."

"बघते बाबा," ती म्हणाली. "डिसेंबरात ऑफिसचं काम फार असतं. नक्की सांगत नाही."

आम्ही आग्रह केला नाही. तिचे काम खरेच असते. वाईट वाटले नाही असे म्हणणार नाही. परंतु रागावण्याचा अधिकार आम्हांस नाही, हे आम्ही जाणतो. घरातील मंडळींनी विचारले, "मग बेत राहिला का?" आम्ही वही काढून १९८८ ची ती नोंद पुन्हा वाचली. त्या नोंदीतील सारे आम्हांस मान्य आहे. शेवटचे वाक्य तेवढे वडिलांचे चुकले, असे आता नम्रपणे म्हणावेसे वाटते.

पुढच्या मार्गशीर्षाची दोन तिकिटे काढावयाची ठरविली आहेत. ती आली तर दोघे जाऊ. न आली तर एकटे जाऊ, आणि ऐकलेले सगळे तिच्यासाठी लिहून आणू.